‘सिली मिस्टेक’च्या पुढे काय? मागे वळून विचार करण्याची रीत

सोलापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत टेस्टचा निकाल लागला की एक वाक्य हमखास कानावर पडतं, “येत होतं की बे मला, सिली मिस्टेक झाली!” पेपराची घडी बॅगेत जाते, टपरीवर चहासोबत थोडी हळहळ होते आणि सगळे पुढच्या टेस्टच्या मागे लागतात. त्या टेस्टमध्येही तितक्याच सिली मिस्टेक निघतात. एमपीएससीच्या पूर्व परीक्षेत चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण कापले जातात. चार चुका झाल्या की बरोबर आलेलं एक उत्तर पाण्यात जातं. एवढी महाग पडणारी गोष्ट आपण ‘सिली’ म्हणून सोडून देतो, कारण तसं म्हटलं की पुढची चौकशी टळते.

ती चौकशी केलीच तर काय हाती लागतं, ते एका पेपरावर बघू. समजा, एका मुलाची तीन उत्तरं चुकली आहेत.

पहिला प्रश्न होता, ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे?’ त्याने पहिलं विधान वाचलं, ते बरोबर होतं, आणि त्यावरच खूण करून तो पुढे गेला. उरलेली तीन विधानं त्याने वाचलीच नाहीत. अभ्यास झालेला होता, प्रश्न नीट वाचला गेला नव्हता. इथे आणखी चार पुस्तकं वाचून काही उपयोग नाही. ‘अयोग्य’ या शब्दाला आधी पेनने गोल करायचा, एवढाच उपाय आहे.

दुसऱ्या प्रश्नात चारपैकी दोन पर्याय त्याने विचार करून बाद केले, उरलेल्या दोनांत अंदाज मारला आणि तो चुकला. मुलगा स्वतःवर चिडला, “उगाच रिस्क घेतली.” पण हिशेब करून बघा. असे दोन अंदाज मारले तर सरासरीने एक बरोबर येतो आणि एक चुकतो. म्हणजे एका प्रश्नाचे गुण मिळतात आणि पाव जातात. फायदा उघड आहे. निकाल वाईट लागला, तरी निर्णय चांगलाच होता. तो पुढच्या वेळीही असाच घ्यायला हवा. चिडून त्याने अंदाज मारणं बंद केलं, तर ते चुकीतून उलटं शिकणं होईल.

तिसरा प्रश्न होता, ‘सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी कोठे देण्यात आली?’ मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी झाली. या मुलाने बेधडक ‘सोलापूर’ लिहिलं. चौघांच्या पुतळ्यांवरून तो रोज जातो. माणसं इथली, 1930 चा मार्शल लॉ इथला, म्हणजे फाशीही इथलीच, असं त्याने धरून चाललं होतं. ही चूक मला तिन्हींत सगळ्यांत मोलाची वाटते. तिच्या मुळाशी एक सवय आहे: आपल्या ओळखीच्या विषयावरचं प्रकरण ‘येतंय की’ म्हणून वाचायचंच नाही. ती सवय सापडली तर या एका प्रश्नाबरोबर पुढच्या दहा प्रश्नांचे गुणही वाचतात.

तिन्ही ठिकाणी गुण सारखेच गेले, पण कारणं तीन आणि उपायही तीन. एका उपायाचं तर नावच ‘काही बदलू नका’ असं आहे. आपण काय केलं, ते करताना काय गृहीत धरलं होतं आणि ते कितपत खरं निघालं, हे मुद्दाम थांबून तपासणं म्हणजे चिंतनशील विचार. कॉलेजात आणि ऑफिसात त्याला सरळ ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात.

या विचाराची नीट मांडणी अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी 1910 मध्ये केली. डोक्यात दिवसभर जे काही येत-जात असतं, त्याला ते असा विचार मानत नाहीत. रस्त्याला फाटा फुटतो, कुठे जावं कळत नाही, तिथे तो सुरू होतो. आपल्या समजुतीला आधार कशाचा आहे आणि ती मानली तर पुढे काय होईल, हे तपासेपर्यंत निकाल तहकूब ठेवायचा, ही त्यातली अवघड पायरी. ‘अजून नक्की माहीत नाही’ या अवस्थेत बसून राहणं माणसाला सोसत नाही. ‘सिली मिस्टेक’ म्हटल्यावर जे हायसं वाटतं, ते याच अवस्थेतून सुटल्याचं. जाता जाता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते तेव्हा ड्युई तिथे त्यांचे प्राध्यापक होते, आणि हे ऋण बाबासाहेबांनी पुढे मोकळेपणाने मान्य केलं.

निकालाआधी काय वाटत होतं?

चिंतन करायचं म्हणजे काम झाल्यावर बसून आठवायचं, असा सर्वसाधारण समज आहे. पण आठवण हा भरवशाचा साक्षीदार नाही. निकाल कळला की ती निकालाच्या बाजूने झुकते.

1972 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांवर निघाले होते. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं की दौऱ्यात अमुक घडेल याची शक्यता किती, तमुक घडेल याची किती. दौरे आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना स्वतःचे जुने आकडे आठवायला सांगितले. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याची शक्यता आपण आधीच बरीच जास्त धरली होती, अशी त्यांची ‘आठवण’ होती. 1975 मध्ये हा अभ्यास छापून आला. खोटं कोणी बोलत नव्हतं. प्रत्येकाला मनापासून तसंच आठवत होतं.

आपल्याकडे हे बघायचं तर सांगोल्याच्या एखाद्या डाळिंबाच्या बागेत जावं. मृग बहार धरायचा, हस्त धरायचा की आंबे बहार, म्हणजे झाडांना कोणत्या हंगामात फुलं आणायची, हा बागायतदाराचा वर्षातला सगळ्यांत मोठा निर्णय. मृग धरला तर पावसाचं पाणी मिळतं, पण दमट हवेत तेल्या रोगाचा धोका वाढतो. समजा मृग धरला आणि तेल्याने बाग डागाळली. आता बांधावरचं वाक्य ठरलेलं आहे, “मला वाटतच होतं, हस्त धरायला पाहिजे होता.” खरंच वाटत होतं का? वाटत होतं, तर कशावरून? मग तरी मृग का धरला: विहिरीत पाणी कमी होतं म्हणून, भाव बघून, की भावकीतल्या सगळ्यांनी धरला म्हणून? या प्रश्नांची उत्तरं मे महिन्यात त्याच्याजवळ होती. दिवाळीपर्यंत ती पुसली गेली. ‘मला वाटतच होतं’ म्हणणाऱ्याला शिकण्यासारखं काही उरत नाही, कारण त्याच्या हिशेबी तो चुकलेलाच नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की चिंतनाचं पहिलं पान निकालाआधी लिहायचं. चार ओळी पुरतात. काय ठरवलं, कशाच्या भरवशावर ठरवलं, काय होईल असं वाटतं आणि दहापैकी किती खात्री आहे. शेवटचा आकडा मुलांना गंमत वाटतो, पण सगळी किमया त्यातच आहे. टेस्ट देताना प्रत्येक उत्तराशेजारी खात्रीची बारीक खूण करा: पक्कं असेल तर टिंब, डळमळीत असेल तर फुली. उत्तरतालिका हातात आल्यावर फुल्यांकडे नंतर वळा. आधी बघा, टिंबांपैकी किती चुकली. वरच्या मुलाच्या ‘सोलापूर’ या उत्तरावर नक्की टिंब असतं. आपल्याला काय येतं आणि काय येत नाही याचं भान असणं, या क्षमतेवर मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी 1970 च्या दशकात बरंच काम केलं. ही क्षमता घासूनपुसून वाढवता येते, आणि टिंब-फुलीचा खेळ त्याचा सगळ्यांत स्वस्त सराव आहे.

हात चालू असताना

यंत्रमागाच्या कारखान्यात शिरलं की बाहेरच्याला नुसता खडखडाट ऐकू येतो. मुरलेल्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, त्या गदारोळात एका मागाचा ठेका बिघडलेला कळतो. तो जाऊन लगेच पाना चालवत नाही. आधी माग थांबवून कापडाकडे बघतो. ताण्याचे धागे एकाच जागी पुन्हा पुन्हा तुटत असतील तर त्या जागची फणी, म्हणजे धागे ज्यातून ओवलेले असतात ती, तपासतो, तिथे काहीतरी खरबरीत झालेलं असणार. तूट सगळीकडे विखुरलेली असेल तर फणीला हातही लावत नाही. सुताची प्रत कशी आहे, सायझिंग, म्हणजे धाग्याला खळ देणं, नीट झालंय का, हवा फार कोरडी आहे का, इकडे त्याचा मोर्चा वळतो. सोलापूरच्या मार्च-एप्रिलमधल्या हवेत सुती धागा जास्त तुटतो, हे त्याला कुठल्या पुस्तकाने सांगितलेलं नसतं.

अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 मध्ये अशाच कामकऱ्यांबद्दल लिहिलं. त्यांच्यासमोर वास्तुरचनाकार, मानसोपचारतज्ज्ञ, व्यवस्थापक होते. जॉबर नव्हते, पण मुद्दा तोच. जाणकार माणूस काम झाल्यावर विचार करतो, तसा काम करता करताही करतो. समोरची गोष्ट अपेक्षेप्रमाणे वागली नाही की त्याला ते खटकतं, तो एक छोटा प्रयोग करून बघतो, आणि त्याच्या उत्तरावरून पुढचं पाऊल टाकतो. पुस्तकी नियम लावण्यापेक्षा हे वेगळं कसब आहे.

अडचण एवढीच की जाणकाराला ते बोलून दाखवता येत नाही. नव्या पोराने विचारलं, “कसं कळलं तुम्हाला?” तर “बघून बघून कळतं बाळा” एवढंच उत्तर मिळतं. वर्कशॉपमधल्या वरिष्ठ मेकॅनिकपासून वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरपर्यंत सगळीकडे हेच. शिकणाऱ्याने ‘कसं’ विचारू नये. दोन दुसरे प्रश्न विचारावेत: “तुम्ही आधी काय बघितलं?” आणि “त्याऐवजी काय दिसलं असतं तर तुम्ही वेगळं केलं असतं?” दुसरा प्रश्न फार कामाचा आहे. त्याने जाणकार थबकतो, आणि “धागे एकाच जागी तुटत नसते, तर मी सायझिंगवाल्याला फोन लावला असता” असं काहीतरी बोलून जातो. वीस वर्षांचा अनुभव एका वाक्यात हाती येतो. आणि बहुतेक वेळा बोलणाऱ्यालाही तो पहिल्यांदाच दिसतो.

एका तासाचं पान

शिक्षकांना बीएडपासून चिंतन-दैनंदिनी लिहायला लावतात. त्यातली बरीच पानं कोरी असती तरी चाललं असतं. ‘आजचा तास चांगला झाला. मुलांनी उत्साहाने भाग घेतला. काही मुलांचं लक्ष नव्हतं.’ हे वाक्य इतिहासाच्या तासाला चालतं, विज्ञानाच्या तासाला चालतं आणि पीटीच्या तासालाही चालतं. जे कुठेही चालतं त्यातून काही कळत नाही.

त्याऐवजी एक तास जवळून बघू. समजा सहावीचा वर्ग आहे. अपूर्णांकांचा गुणाकार शिकवून झालाय, आणि बाईंनी उजळणीला बेरीज दिली: एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. निम्म्या वर्गाने उत्तर काढलं, दोन पंचमांश. वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली.

अमेरिकेतले शिक्षक टेरी बॉर्टन यांनी 1970 मध्ये तीन साधे प्रश्न मांडले होते: काय झालं? त्याचा अर्थ काय? आता काय करायचं? बाईंच्या वहीत पहिल्या प्रश्नाखाली ‘मुलांना बेरीज येत नाही’ असं येऊ शकतं. ते निरीक्षण नाही, निवाडा आहे. निरीक्षण असं होईल: ‘निम्म्या मुलांनी अंशांची आणि छेदांची वेगवेगळी बेरीज केली. गेल्या वर्षी याच मुलांना ही उदाहरणं जमत होती.’ आता दुसरा प्रश्न. गेल्या वर्षी जमत होतं आणि आता नाही, तर मधे काय घडलं? मधे गुणाकार घडला! गुणाकारात वरच्याला वरचा आणि खालच्याला खालचा गुणायचा, हे बाईंनी गेल्या आठवड्यात अगदी छान घोटून घेतलं होतं. मुलांनी तोच नियम प्रामाणिकपणे इकडे लावला. म्हणजे ती विसरली नव्हती, नको तितकं शिकली होती.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आता आपोआप सुचतं. पुन्हा बेरीज शिकवण्यात अर्थ नाही. मुलांना उत्तर ताडून बघायला शिकवायला हवं. अर्धी भाकरी घेतली, तिच्यात आणखी एक तृतीयांश घातली, आणि ताटात दोन पंचमांश, म्हणजे अर्ध्याहूनही कमी उरली? सोलापूरच्या पोरांना हा हिशेब लगेच खटकेल. एकदा खटकायला लागलं की नियम चुकला तरी उत्तर आपलं आपण पकडता येतं.

‘मुलांचं लक्ष नव्हतं’ आणि ‘मुलांनी गुणाकाराचा नियम बेरजेला लावला’, या दोन वाक्यांत जो फरक आहे, तोच चिंतनाचा दर्जा. पहिल्यातून उद्या काय करायचं ते निघत नाही.

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 मधलं सहा पायऱ्यांचं चक्र नर्सिंग आणि अध्यापनाच्या अभ्यासक्रमांत फार चालतं. घटनेचं वर्णन, त्या वेळच्या भावना, बरं-वाईट, कारणमीमांसा, निष्कर्ष, पुढचा आराखडा. नवख्याला ते आधार देतं. मला त्यातली दुसरी पायरी विशेष आवडते, कारण रागावलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी फार थोडं दिसतं, आणि ते कबूल केल्याशिवाय पुढचं विश्लेषण खरं होत नाही. पण सहाच्या सहा रकाने रोज भरायचे म्हटलं की तो फॉर्म होतो. सवय लागली की तीन प्रश्न पुरे.

उगाळणं वेगळं

एक सावधगिरी. मुलाखतीत उत्तर अडलं, बॉसने चारचौघांत सुनावलं, की रात्री दोन वाजता तोच प्रसंग डोक्यात फिरायला लागतो. हे चिंतन वाटतं, पण यात नवीन माहिती काहीच येत नसते. तेच दृश्य, तेच संवाद, आणि शेवटी ‘माझंच असं का होतं’ हा प्रश्न, ज्याला उत्तर नाही. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी असं उगाळत बसणं आणि नैराश्य यांचा संबंध अनेक वर्षं अभ्यासला. ओळखायची खूण सोपी आहे: दहा मिनिटांनंतर कागदावर एक तरी नवी गोष्ट किंवा एक तरी करण्याजोगं काम आलं का? नसेल, तर वही मिटून झोपावं. आणि उगाळणं आठवडेच्या आठवडे सुटत नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, तर तो वहीचा विषय राहत नाही. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

फाइलमधलं रिफ्लेक्शन

आता जरा कुरकुर. शिक्षणव्यवस्थेला रिफ्लेक्शन पटलेलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रगतिपत्रकात शिक्षकांच्या मूल्यमापनाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांनी केलेलं मूल्यमापन असावं असं म्हटलं आहे. एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थी वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद या विषयांवरची रिफ्लेक्शन्स लिहून लॉगबुकमध्ये ठेवतात. कागदावर सगळं उत्तम आहे.

प्रत्यक्षात इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट फाइली उघडा. ‘या प्रोजेक्टमधून मला टीमवर्क आणि टाइम मॅनेजमेंट शिकायला मिळालं’ हे वाक्य, इंग्रजीत, शंभरातल्या नव्वद फाइलींत भेटल्यासारखं वाटतं. हल्ली चॅटजीपीटी तेच वाक्य जास्त सफाईने लिहून देतं, आणि सर तितक्याच सफाईने सही करतात.

याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं, गुण. चुकीची कबुली लिहायची आणि त्याच कागदावर गुण मिळवायचे, म्हटल्यावर शहाणा विद्यार्थी गोड शेवट असलेली चूक शोधतो. खरी चूक घरीच राहते. म्हणून दोन वह्या हव्यात: एक स्वतःची, जी कोणी मागायची नाही, आणि तिच्यातून निवडून दाखवायचं एखादं पान. शिक्षकांनी ‘काय शिकलात’ हे विचारणंच बंद करावं. ‘प्रोजेक्टच्या सुरुवातीला तुमचा कोणता अंदाज होता आणि तो कधी, कशाने खोटा ठरला?’ असं विचारावं. याचं उत्तर उसनं आणता येत नाही. सेन्सर कोणता, वायर कुठली सुटली, कोणत्या तारखेला, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं.

दुसरं कारण भाषा. आपल्या गावात एका बाकावरची तीन मुलं घरी तीन भाषा बोलतात. एकाकडे तेलुगू, दुसऱ्याकडे कन्नड, तिसऱ्याकडे दखनी किंवा मराठी. गल्लीत सगळ्यांची खिचडी. यातल्या कुणालाच इंग्रजीत खजील होता येत नाही. ज्या भाषेत आपण घरी भांडतो आणि मनात हिशेब करतो, तिच्यातच आपली गृहीतकं राहतात. इंग्रजीत लिहायला लावलं की मूल शब्द शोधत बसतं आणि मिळेल ते तयार वाक्य उचलतं. स्वतःच्या वहीत कुठल्याही भाषेत, कुठल्याही लिपीत, अशुद्ध लिहावं. दाखवायच्या पानाचं भाषांतर नंतर करता येतं.

साहेबांनी आधी बोलावं

नोकरीतल्या माणसाची अडचण निराळी. त्याला आपली चूक कळते, पण ती बोलली तर अप्रेझलमध्ये निघते. मग मीटिंगमध्ये ‘कम्युनिकेशन गॅप झाला’ असं गुळमुळीत काहीतरी म्हणून सगळे उठतात.

विमानसेवेने यावर एक वाट काढली. अमेरिकेत 1976 पासून नासा एक अहवाल यंत्रणा चालवते. वैमानिक, नियंत्रक किंवा तंत्रज्ञ आपल्या हातून घडलेली किंवा घडता घडता टळलेली गोष्ट तिथे कळवतात. नावगाव काढून टाकलं जातं, आणि चूक हेतुपुरस्सर नसेल, अपघात किंवा गुन्हा घडलेला नसेल आणि दहा दिवसांत कळवलं असेल, तर सहसा दंड माफ होतो. शिक्षा करणारं खातं वेगळं आणि ऐकून घेणारी संस्था वेगळी ठेवली, ही त्यातली हुशारी. अमेरिकेच्या लष्करात सरावानंतर चार प्रश्नांची बैठक होते: काय व्हायचं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढे काय ठेवायचं आणि काय बदलायचं. तिथे हुद्दा बाजूला ठेवून बोलायचं असतं. लष्करात जे जमतं ते आपल्या सहकारी बँकेच्या शाखेत जमू नये, असं काही नाही. एक अट मात्र आहे. पहिली चूक वरिष्ठाने स्वतःची सांगायची. साहेब गप्प बसून बाकीच्यांना “बोला, मोकळेपणाने बोला” म्हणाले, तर त्या मोकळेपणाची किंमत प्रत्येकाला पाठ असते.

नियमच तपासायचा

काही वेळा चूक सुधारून भागत नाही, कारण ज्या समजुतीवर सगळं उभं आहे तीच चुकीची असते. व्यवस्थापनाचे अभ्यासक क्रिस आर्गिरिस यांनी याला ‘दुहेरी फेरीचं शिक्षण’ म्हटलं. क्लासची मुलं नापास होतात, म्हणून तास वाढवले, तरी नापास, आणखी वाढवले. ही पहिली फेरी. तास वाढवून मार्क वाढतात हे आपण कशावरून धरलं, असं विचारणं ही दुसरी.

दुसऱ्या फेरीचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा क्यूआर कोडची खूप चर्चा झाली. मला त्याहून एक साधी गोष्ट मोठी वाटते. वर्गातल्या अनेक मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पाठ्यपुस्तक त्या भाषेत नव्हतं. मुली मागे पडतात म्हटल्यावर त्यांच्या हजेरीवर आणि गृहपाठावर जोर देता आला असता. डिसले सर स्वतः कन्नड शिकले, पुस्तकांचा मजकूर मुलींच्या भाषेत आणला आणि मग तो क्यूआर कोडमधून उघडेल असं केलं. पुस्तक मुलांना कळतंच, हे गृहीतक तिथे मोडलं होतं.

स्वतःचं असं गृहीतक स्वतःला सहसा दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्याचे डोळे लागतात. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होते, तिथे परिपत्रकं वाचून उरलेल्या वेळातला अर्धा तास यासाठी काढता येईल. एका शिक्षकाने एका तासाचं पान वाचायचं. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला न देणं मराठी माणसाला जड जातं हे मान्य, पण अर्धा तास निभेल. अभ्यासिकेत दोघा मित्रांनी टेस्टचे पेपर बदलून एकमेकांच्या चुकीची कारणं लिहायची, हाही तोच प्रकार.

वही कशी असावी याचा फार घोळ घालू नये. शाळेची दोनशेपानी पुरते. डावीकडच्या पानावर निकालाआधीच्या चार ओळी, तारखेसह. उजवं पान निकालासाठी मोकळं. रोज लिहायची गरज नाही. जिथे खरंच दोन वाटा होत्या आणि आपण एक निवडली, तेवढंच लिहायचं, नाहीतर दहाव्या दिवशी कंटाळा येतो. लिहिताना फक्त फसलेलंच लिहू नये. अनपेक्षित जमून गेलेलंही लिहावं, कारण नशिबाने साधलेलं यश आपण हुशारीच्या खात्यात टाकतो आणि पुढच्या वेळी त्याच भरवशावर मोठी उडी मारतो.

बहुतेक जण लिहितात आणि तिथेच थांबतात. महिन्याच्या शेवटी जुनी पानं वाचायला बसायचं असतं, हे राहून जातं. त्या वेळी नवीन काही लिहू नका. उजव्या पानांवर एकच कारण तीनदा आलंय का, एवढं शोधा: ‘पूर्ण वाचलं नाही’, ‘विचारायची लाज वाटली’, ‘सगळे करत होते म्हणून’. सापडलं तर पुढचा महिना फक्त त्या एकावर काम करा आणि बाकीच्या चुका तोवर होऊ द्या.